दहा चुकांचा कावळा

सदाशिव पेठेतल्या त्या मराठी शाळेत कॉम्प्युटर आले, तेव्हा सगळ्यांत आधी त्यांना कपडे शिवले गेले. हिंजवडीतल्या एका कंपनीनं स्वतःसाठी नवे घेतले होते आणि जुने सहा शाळेला देऊन टाकले होते. टेम्पोतून ते उतरले, दुसऱ्या मजल्यावरच्या नकाशांच्या खोलीत चढले, आणि मुख्याध्यापिका फाटकबाईंनी शिवणाच्या बाईंना बोलावून प्रत्येकाचं माप घ्यायला लावलं. निळ्या फुलांचे, नाडी लावलेले झगे शिवून आले. दारावर पाटी लागली: 'पादत्राणे बाहेर काढावीत. आत बोलू नये. कशासही हात लावू नये.' हात न लावता कॉम्प्युटर शिकायचा कसा, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं, आणि पुण्यात पाटीला उलट प्रश्न विचारायची पद्धत नाही. किल्ली शिपाई उत्तरेश्वरच्या जुडग्यात असायची. दसऱ्याला खोली उघडायची, झगे उतरवून हळदकुंकू व्हायचं, झेंडूची फुलं वाहिली जायची आणि पुन्हा कुलूप लागायचं. असं दीड वर्ष चाललं.

हे कुलूप ज्या बाईमुळे निघालं तिचं नाव दीपमाला खोब्रागडे. तिचा फोटो कधी कुठे छापून आला नाही. आला असता तर त्या दिवशी ती डोकं दुखतंय म्हणून रजा टाकून घरी बसली असती, इतकी ती लाजरी. पण लाजरी माणसं भित्री असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी चौथी ब च्या वर्गात तिला तासभर पाहायला हवं होतं.

ती मूळची भंडारा जिल्ह्यातल्या पवनीची. वडील विणकरांच्या सोसायटीत कामाला. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तसबिरींखाली पुस्तकांची फळी, आणि त्या फळीवर पुस्तकाखेरीज दुसरं काही ठेवलेलं वडिलांना खपत नसे. मुलींनी शिकायचं, हे त्या घरात ठरलेलंच होतं. शाळेत मात्र दीपमाला एक गोष्ट फार लवकर शिकली. दुसरं मूल चुकलं की गुरुजी म्हणत, 'तू चुकलास.' ती चुकली की म्हणत, 'तुमचं हे असंच.' तिच्या एका चुकीचा हिशेब सगळ्या वस्तीच्या नावावर पडायचा. तेव्हापासून उत्तराची पुरती खात्री असल्याशिवाय तिनं हात वर केला नाही. ती पहिली यायची, डी.एड.लाही पहिल्या पाचांत आली, पण चुकण्याची धास्ती तिच्या अंगात मुरली ती मुरलीच. ब्लाउजच्या हुकापासून हजेरीच्या बेरजेपर्यंत ती सगळं दोनदा तपासायची.

लग्न झालं नागपूरच्या आनंदशी. आनंद बी.एस्सी. करून कॉम्प्युटरचा कोर्स शिकलेला, आणि त्या वर्षांत कोर्स शिकलेला प्रत्येक मुलगा पुण्याच्या गाडीत बसत होता. अठ्ठ्याण्णव साली दोघं आले. पेठांमधून जागा शोधताना घरमालकांनी चहा दिला, आडनाव विचारलं आणि 'कळवतो' म्हणून सांगितलं. कुणी कळवलं नाही. शेवटी धनकवडीत दोन खोल्या मिळाल्या. आनंदला सकाळी कंपनीची बस न्यायची आणि रात्री आणून टाकायची. दीपमालाला पेठेतल्या एका संस्थेच्या याच शाळेत नोकरी लागली. शिक्षकांच्या खोलीत तिच्या 'करून राहिले', 'जाऊन राहिले' वर पहिल्या आठवड्यात भरपूर करमणूक झाली. दुसऱ्या आठवड्यात लोकांच्या लक्षात आलं, की ही बाई कोणी हसलं तरी आपलं बोलणं बदलत नाही. मग त्यांचंच हसणं दमलं.

शाळेला उतरती कळा लागली होती. आजूबाजूच्या घरांतली मुलं केव्हाच इंग्रजी शाळांच्या रिक्षांत जाऊन बसली होती. राहिली ती दांडेकर पुलाकडची, आंबील ओढ्याकडची. कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी, कुणाचा बाप मार्केट यार्डात हमाल. संस्थेनं स्वतःच कोथरूडला इंग्रजी माध्यमाची नवी शाखा काढली होती आणि संस्थेचं सगळं प्रेम आता तिकडे वाहत होतं. थोरल्या मुलाला गावाकडे ठेवून धाकट्याच्या बंगल्यावर राहायला गेलेल्या आईबापांसारखी संस्थेची गत होती.

तर या मुलांना दीपमाला अपूर्णांक शिकवत होती, आणि अपूर्णांकांनी तिला जेरीस आणलं होतं. चार हे तीनपेक्षा मोठे, म्हणून एक छेद चार हे एक छेद तीनपेक्षा मोठं, असं चाळीसच्या चाळीस मुलांचं ठाम मत होतं. फळ्यावर वर्तुळं काढून झाली, कागद घड्या घालून झाले. एक दिवस तिनं घरून ज्वारीच्या भाकऱ्या करून आणल्या आणि वर्गात त्यांचे तुकडे केले. चतकोर इकडे, तिसरा हिस्सा तिकडे. मुलांचे डोळे चमकले आणि तिला वाटलं, समजलं. मग फळ्यावर लिहायला ती वळली आणि परत फिरून पाहते तो शैक्षणिक साहित्य संपलेलं. मागच्या बाकावरून एकानं आदबीनं विचारलं, 'बाई, उद्या चटणी आणाल का?'

ती हसली, पण घरी जाईपर्यंत एकच विचार करत गेली: खाता येणार नाही अशी भाकरी कुठे मिळेल? आणि मग तिला फुलांचे झगे घातलेले ते सहा कॉम्प्युटर आठवले.

फाटकबाई वाईट नव्हत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला जे वाटतं तेच त्यांना वाटत होतं, की आपल्या काळात काही मोडू नये. 'अहो खोब्रागडेबाई, मुलांचे हात लागले आणि बिघडले तर?' दीपमाला म्हणाली, न लावताही बिघडतात की नाही ते आधी पाहू. खोली उघडली, झगा उचलला, तर एका कॉम्प्युटरच्या पोटात उंदरानं संसार मांडलेला होता. वायरी कुरतडून, कापूस आणून, पिल्लांची सोय करून. उत्तरेश्वरनं ते बिऱ्हाड झाडूनं हलवलं. फाटकबाईंनी त्या कुरतडलेल्या वायरी पाहिल्या आणि त्या म्हणाल्या, 'उंदरांपेक्षा मुलं बरी.' पाटीवरची 'कशासही हात लावू नये' ही ओळ त्यांनी स्वतः खडूनं खोडली.

उंदरानं कुरतडलेल्या वायरी आनंदनं बदलून दिल्या, आणि खेळही त्यानंच तयार केला. त्याची नोकरी विलक्षण होती. बाकीच्यांनी प्रोग्रॅम लिहायचे आणि यानं दिवसभर त्यात मुद्दाम चुका करून पाहायच्या. वयाच्या रकान्यात नाव लिहायचं, तारखेच्या जागी तेरावा महिना टाकायचा, नको ते बटण वीस वेळा दाबायचं, आणि प्रोग्रॅम कुठे कोलमडतो ते नोंदवायचं. चुकायचा पगार मिळतो म्हणून सासुरवाडीला हे सांगायची सोय नव्हती. तिथे तो 'इंजिनिअर' होता. रविवारी, मित्राकडून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर, दीपमाला सांगेल तसा तो खेळ रचत गेला. पडद्यावर दोन ताटं. एका ताटात दोन छेद तीन भाकरी, दुसऱ्यात तीन छेद चार. जास्त भाकरीचं ताट निवडायचं. बरोबर निवडलं की चांदणी उगवायची आणि 'शाब्बास' अशी अक्षरं यायची. चुकीचं निवडलं की झाडावरून कावळा यायचा आणि भाकरी उचलून न्यायचा.

कावळ्याचा आवाज आनंदनं स्वतः काढला. शेजारच्यांनी दार वाजवून चौकशी करेपर्यंत तो माईकसमोर काव काव करत होता. चांदणीला आवाज द्यायचं दोघांनाही सुचलं नाही. त्यात आणखी एक गंमत अशी, की शाळेतल्या दोन कॉम्प्युटरांवर मराठी अक्षरं नीट चढलीच नाहीत. तिथे 'शाब्बास' ऐवजी आकडे, कंस आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं यायची. थोडक्यात, बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाच्या वाट्याला मुकी चांदणी आणि एक शिवी वाटावी असा मजकूर; चुकणाऱ्याच्या वाट्याला कावळा.

आणि आनंदनं स्वतःच्या सवयीनं एक गोष्ट केली. त्याच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो, की माणूस चुकतच राहिला तर काय होईल? म्हणून त्यानं व्यवस्था केली. प्रत्येक चुकीनंतर कावळा थोडा जाड होईल. मध्ये एखादं उत्तर बरोबर आलं तर पुन्हा पहिल्यासारखा बारीक होईल. लागोपाठ दहा चुका झाल्या तर त्याला उडवेनासं होईल, फांदी वाकेल, कावळा धप्पकन खाली पडेल, एक लांबलचक ढेकर देईल आणि खेळ संपेल. दहा वेळा लागोपाठ कोण चुकणार, असं त्याला वाटलं, आणि ही गोष्ट बायकोला सांगायची तो विसरून गेला.

खेळ सुरू झाला आणि शाळेचं रूप पालटलं. पोरं मधली सुट्टी संपायच्या आत जिन्यावर रांग लावू लागली. वर्गाचे दोन भाग केले होते. अर्धी मुलं कॉम्प्युटरच्या खोलीत उत्तरेश्वरच्या नजरेखाली, अर्धी शेजारच्या वर्गात फळ्यापुढे दीपमालाबरोबर. भिंतीपलीकडून हसण्याचा कल्लोळ यायचा आणि तिला वाटायचं, आयुष्यात एवढं चांगलं काम आपल्या हातून दुसरं झालं नाही. अधूनमधून ढेकरही ऐकू यायचे. त्यावर तिनं एकदा संपूर्ण तास घेतला, की चारचौघांत ढेकर देणं शोभत नाही. मुलांनी माना डोलावून सगळं ऐकून घेतलं. एकाही चेहऱ्यावर सुरकुती उमटली नाही. हेही पुण्याचंच पाणी.

फळ्यावरची गणितंही सुटू लागली होती. इतकंच काय, तीन छेद पाच आणि पाच छेद आठ यांच्यावरून मुलं मधल्या सुट्टीत वाद घालत होती, हे तिनं स्वतः ऐकलं होतं. हा वाद कशासाठी, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

अशात बातमी आली, की संस्थेचे कार्यवाह यज्ञेश्वर दामले कॉम्प्युटर पाहायला येणार आहेत. कोथरूडच्या शाखेतल्या पालकांनी कॉम्प्युटरची मागणी केली होती, आणि दामल्यांच्या मते मराठी शाळेत त्यांचा उपयोग होत असेल तर ठेवावेत, नुसते खेळ चालले असतील तर हलवावेत. दामले बँकेत तपासनीस होते, निवृत्त झाले तरी तपासायचे थांबले नव्हते. फाटकबाईंनी दीपमालाला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, की कॉम्प्युटर गेले तर त्यांच्या भरवशावर टिकलेली मुलंही जातील, आणि पुढल्या वर्षी चौथीची दुसरी तुकडी उघडेल याची खात्री नाही. दीपमालाच्या वर्गातल्या जयाच्या आईनं तर तोंडावर म्हणून दाखवलं होतं. ती पेठेतल्याच घरांत स्वयंपाकाला जायची. तिच्या मालकिणीच्या मुलाच्या शाळेत कॉम्प्युटर होता, आणि आता आपल्या पोरीच्याही शाळेत आहे, एवढ्या एका गोष्टीवर तिनं पोरीला इथे ठेवलं होतं. नाहीतर जया तिच्या हाताखाली कामाला जुंपायच्या वयाची झालीच होती.

दीपमालाला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. आनंदनं समजूत घातली, पण समजूत घालणारा दिवसभर चुका शोधून आलेला असला की तिचा उपयोग होत नाही.

दामले आले ते छत्री घेऊन. पावसाळा नव्हता, पण छत्री होती. खोलीत शिस्त दिसावी म्हणून फाटकबाईंनी स्पीकर काढून कपाटात ठेवले होते. मुलं केसांना तेल लावून, त्या दिवशी सगळा वर्ग एकदम म्हणून एकेका कॉम्प्युटरपुढे सहा-सात जणं, चिडीचूप बसली. दीपमालानं नुसतं 'सुरू करा' म्हटलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. माऊसची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मुलं एकमेकांच्या कानाला लागून कुजबुजत होती, बोटांवर काहीतरी मोजत होती, आणि अतिशय गंभीर होती. तिला भरून आलं. पाहुण्यापुढे आपलं सगळ्यांत चांगलं ते मांडायचं, एवढंच त्या पोरांच्या मनात दिसत होतं.

मग एकेक पडदा थांबला. दामले पहिल्यापाशी वाकले. गुण: शून्य. दुसऱ्यापाशी गेले. शून्य. तिसऱ्या पडद्यावर एक जाडजूड कावळा उताणा पडलेला होता आणि खाली तेच शून्य. सगळी खोली फिरून झाली. सगळीकडे शून्य.

'बाई,' दामले शांतपणे म्हणाले, 'आपल्या वर्गात निदान एकमत तरी आहे.'

फाटकबाईंनी डोळे मिटून घेतले. दामले पुढे म्हणाले, की नापास व्हायला यंत्र लागत नाही, ते पाटीवरही स्वस्तात होता येतं. उद्या टेम्पो पाठवतो. त्यांच्या आवाजात रागही नव्हता, आणि तेच वाईट होतं.

दीपमालाचे कान तापले. पवनीच्या शाळेतला तो वर्ग तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा आला आणि आता ते वाक्य येणार, 'तुमचं हे असंच', म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. दामल्यांनी ते म्हटलं नाही. त्यांच्या मनातही नसावं. पण ती इतकी वर्षं ते वाक्य ऐकायला तयार राहून जगली होती, की न उच्चारताही ते तिला पुरतं ऐकू आलं.

शून्य कसं आलं हे तिला कळत नव्हतं. फळ्यावर याच मुलांनी हीच गणितं सोडवली होती. की तिला तसं नुसतं वाटलं होतं? भिंतीपलीकडे काय चाललं आहे हे तिनं कधी येऊन पाहिलं होतं का? दामले दारापर्यंत पोचले होते, बूट घालायला वाकत होते. आणि इथे त्या बाईनं अशी गोष्ट केली, जी तिनं जन्मात कधी केली नव्हती. उत्तराची खात्री नसताना तिनं तोंड उघडलं.

'सर, जाऊ नका. तुम्ही स्वतः विचारून पाहा त्यांना. तोंडी. कुणालाही.'

दामल्यांनी एक बूट घातला होता. तो त्यांनी काढला, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. दाराजवळच्या कॉम्प्युटरपुढे जया बसली होती. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. त्यांनी तिला उभं केलं आणि विचारलं, 'दोन छेद तीन मोठं, की तीन छेद चार?'

जया बाईंकडे पाहायला लागली. मग दामल्यांकडे. ती पेचात पडली होती, हे स्पष्ट दिसत होतं.

'साहेब,' जयानं विचारलं, 'खरं सांगू, का कावळ्याचं?'

दामल्यांनी चष्मा वर सरकवला. 'म्हणजे?'

'म्हंजे, खरं तर तीन छेद चार मोठं हाय. पण कावळ्याला दोन छेद तीन द्यायचं. लागोपाठ धा येळा बारकं दिलं की तो फुगतो अन् पडतो, अन् ढेकर देतो. मधी एक जरी बरोबर आलं तर परत बारीक होतो, मग समदं पहिल्यापासून.' तिनं श्वास घेतला आणि माफी मागितल्यासारखं पुढे म्हणाली, 'आज ढेकर आला न्हाई. स्पीकर न्हाईत ना. तुमाला तोच दाखवायचा हुता.'

'तीन छेद चार मोठं कशावरून?'

'त्यात चतकोर उरती. दोन छेद तीनात त्याच्याहून मोठा तुकडा उरतो. जिथं कमी उरलं, तिथं जास्ती खाल्लं.'

दामले मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसले. तपासनीस माणूस, आकड्यांतली लबाडी त्यांना वासावरून कळायची, पण आकड्यांतला खरेपणा असा अंगावर येताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. दोन ताटांतलं एक निवडायचं. ज्याला काही येत नाही तो नुसता अंदाजानं बोट ठेवेल, आणि अंदाज अधूनमधून बरोबर येतोच येतो. ढ मुलालाही दहात चार-पाच मिळायचेच. दहाच्या दहा चुकायला दहाच्या दहा येत असावी लागतात. आणि इथे सहाच्या सहा पडद्यांवर पैकीच्या पैकी शून्य होतं.

त्यांनी तरीही आणखी सात-आठ मुलांना विचारलं. सवय जात नाही. प्रत्येकानं आधी तोच प्रश्न केला, खरं का कावळ्याचं, आणि मग दोन्ही उत्तरं दिली. शेवटी दामल्यांनी उत्तरेश्वरला स्पीकर आणायला सांगितले. जयानं आणि तिच्या गटानं त्यांच्यासमोर पुन्हा खेळ मांडला, अतिशय काळजीपूर्वक, एकही उत्तर बरोबर येऊ न देता. फांदी वाकली. कावळा पडला. जो ढेकर आला तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला असावा.

यज्ञेश्वर दामले हसले. फाटकबाईंनी नंतर सांगितलं, की तीस वर्षांत हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते हसणंही बिनआवाजाचं होतं, खांदे तेवढे हलले. आवाज कुणाचा म्हणून त्यांनी चौकशी केली. आमच्या मिस्टरांचा, असं दीपमाला जेमतेम म्हणाली. दामले म्हणाले, गृहस्थांच्या पोटात दम आहे.

बूट घालताना त्यांनी निर्णय सांगितला, तोही फाटकबाईंना, सहज बोलावं तसा. 'कोथरूडसाठी मी कंपनीकडे दुसरे मागतो. हे राहू द्यात इथेच.' मग दीपमालाकडे वळून त्यांनी आपला नेहमीचा कोरडा सूर परत आणला. 'गुणांचं मात्र काहीतरी करा, बाई. संस्थेच्या बैठकीत मला शून्य समजावून सांगता येणार नाही. तेवढी हुशार माणसं तिथे नाहीत.' आणि छत्री उचलून ते जिना उतरून गेले.

फाटकबाई त्यांच्यामागे गेल्या. दीपमाला खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि रडली. लपवलं नाही. मुलं घाबरली. त्यांना वाटलं, आपण बाईंना न सांगता कावळा पाडत होतो, म्हणून बाईंना वाईट वाटलं. एकानं पुढे येऊन सांगून टाकलं, की ते ढेकर आमच्यापैकी कुणाचे नव्हते. ती रडता रडता हसायला लागली आणि डोळे पुसून म्हणाली, मला माहीत आहे आता.

तेव्हा जयानं खुर्ची ओढली. बाई रोज दुसऱ्यांना खेळायला बसवतात, स्वतः कधी बसत नाहीत, हे तिनं केव्हाच पाहून ठेवलं होतं. तिनं बाईंना बसवलं, माऊस हातात दिला आणि सगळा वर्ग खुर्चीभोवती गोळा झाला. दीपमालानं पहिलं चुकीचं ताट निवडलं. कावळा आला. दुसरं, तिसरं, चौथं. कावळा चांगला बाळसं धरू लागला. पोरं श्वास रोखून पाहत होती. मग पुढे केव्हातरी दोन ताटं आली, आणि विचार करायच्या आत, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, तिचं बोट बरोबर उत्तरावर जाऊन पडलं. मुकी चांदणी उगवली. कावळा एका क्षणात काडीसारखा झाला, आणि चाळीस मुलांनी एकदम 'अरेरे' केलं.

'चुकलं माझं,' दीपमाला म्हणाली.

जयानं तिच्या माऊसवरच्या हातावर आपला हात ठेवला. लहान मुलाला समजवावं तसं हळू आवाजात ती म्हणाली, 'घाई नका करू, बाई. आधी खरं कुठलं ते नीट बघायचं. ते कळलं की मग चुकायला भ्यायचं न्हाई.'

दीपमालानं मान हलवली, खुर्ची पुढे ओढली, आणि मन लावून पुन्हा पहिल्यापासून चुकायला लागली.